गोळेश्वरचे खाशाबा : तांबड्या मातीतून खाकी वर्दीत

दिंडीच्या शताब्दीनिमित्त स्मरणिका काढायची ठरली, तेव्हा आपल्या भागातल्या थोर माणसांची चरित्रे थोडक्यात द्यावीत असे सर्वांचे मत पडले. त्यांतले ऑलिंपिकवीर पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव यांचे चरित्र आमच्या वाट्याला आले. खाशाबांचा जन्म १९२६ सालचा, म्हणजे त्यांच्या जन्मालाही शंभर वर्षे झाली. हे निमित्त चांगले जुळून आले.

खाशाबा म्हटले की सगळ्यांना हेलसिंकीचे पदक आठवते, आणि ते आठवायलाच हवे. पण बघा, पदक मिळाले तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते. त्यानंतर ते बत्तीस वर्षे जगले. त्यांतली सत्तावीस वर्षे पोलीस खात्याच्या नोकरीत गेली. या बत्तीस वर्षांबद्दल भाषणात कुणी फारसे बोलत नाही. आम्ही पदकाची हकीकत तर सांगूच, पण पुढचा हिशोबही मांडणार आहोत. कारण माणूस खरा कळतो तो तिथेच.

घर आणि गाव

कराड शहराला लागून असलेले गोळेश्वर हे खाशाबांचे गाव. कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळचा हा मुलूख सुपीक. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान गडी. त्यामुळे मुलाला तालमीत घालावे की नाही असा प्रश्नच घरात आला नाही. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनीच त्यांना मातीची ओळख करून दिली.

आपल्याकडची तालीम काय असते हे जुन्या वाचकांना सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी सांगतो. पहाटे उठून जोर-बैठका मारायच्या, हौद्यातली तांबडी माती खोऱ्याने उकरून मऊ करायची. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती कसलेली असते. लंगोट कसायचा, मारुतीला हात जोडायचे, मातीला वंदन करायचे आणि मग जोडीदाराला भिडायचे. शिस्त अशी की वस्तादाच्या शब्दापुढे शब्द काढायचा नाही. खाशाबांची पुढची सगळी वागणूक पाहिली तर ही तालमीची शिस्त त्यांच्या अंगात शेवटपर्यंत मुरलेली दिसते.

शाळेसाठी ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये गेले. यशवंतराव चव्हाणही त्यांच्या आधी याच शाळेत शिकले होते. १९४२ चा ‘चले जाव’ लढा पेटला तेव्हा खाशाबा सोळा वर्षांचे होते. सातारा जिल्हा त्या वेळी पेटून उठला होता. पुढे इथेच क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्या धामधुमीत भूमिगतांना आसरा देणे, इंग्रज सरकारविरुद्धची पत्रके पोचवणे ही कामे पोरसवदा खाशाबांनी केली. ज्या पोलिसांना तेव्हा चुकवायचे, त्याच खात्याची वर्दी पुढे स्वतंत्र देशात त्यांच्या अंगावर चढायची होती.

कोल्हापूरचे कॉलेज

शाळा संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे पैलवानांची पंढरीच. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले, पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या. अशा गावी खाशाबांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले. अंगलट ठेंगणी, पण चपळाई अशी की समोरच्याला कळायच्या आत डाव पडलेला असायचा. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला अंगावरून फेकायचे, हे काम ताकदीपेक्षा वेळ साधण्याचे. ती वेळ खाशाबांना अचूक सापडायची.

कॉलेजकडून खेळताना त्यांनी स्पर्धा गाजवल्या आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. जाण्यायेण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे गेल्यावर कळले की कुस्ती मातीवर होत नाही, गादीवर होते. गादीवर पाय रुतत नाही, पकड निसटते, आणि पाठ लागली नाही तरी गुणांवर निकाल लागतो. आयुष्यभर मातीत खेळलेल्या गड्याला हे सगळेच नवे. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना गादीचे धडे दिले. तेवढ्या शिदोरीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले, पुढे इराणच्या मल्लाकडून ते हरले. ५२ किलो गटात त्यांचा क्रमांक सहावा आला. गादीवर पहिल्यांदाच उतरलेल्या माणसाने जगात सहावे यावे, ही लहान गोष्ट नव्हे. पण खाशाबांचे समाधान झाले नाही. परत आल्यावर त्यांनी पुढच्या चार वर्षांचा ध्यास घेतला आणि वरच्या, म्हणजे ५७ किलो वजनगटाची तयारी सुरू केली.

उसनवारीवर हेलसिंकी

१९५२ ची वाट सोपी नव्हती. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाने त्यांच्याविरुद्ध निकाल गेला. पंचांनी पक्षपात केला असे त्यांचे म्हणणे होते. गप्प बसून चालणार नव्हते. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः खेळांचे जाणकार. त्यांनी पुन्हा कुस्ती लावून दिली, आणि खाशाबांनी निरंजन दास यांना चितपट करून निवडीचा प्रश्न मिटवला.

मग आला पैशाचा प्रश्न. सरकारदरबारी खेटे घातले, पण वेळेवर मदत मिळाली नाही. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी दारोदार फिरून वर्गणी जमवली. ज्याला जे जमले ते त्याने दिले. तरीही भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. वाचकहो, १९५२ सालचे सात हजार म्हणजे किती याचा ज्याने त्याने अंदाज करावा. विद्यार्थी हरून आला असता तर घर जायची पाळी होती. त्या काळात असे गुरू होते आणि असे विद्यार्थी होते, एवढेच आम्ही म्हणतो.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना हरवले. शेवटच्या तिघांत ते पोचले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची पंधरा मिनिटांची झुंज झाली. ती गेली. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढायला बोलावले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायचा नियम होता, पण त्या वेळी खाशाबांच्या बाजूने बोलायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेल्या अंगाने ते उतरले आणि हरले. इशी यांना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२.

स्वतंत्र भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हॉकीचे सुवर्ण त्याही वेळी आपल्याकडेच आले, पण ते संघाचे. एकट्याने लढून मिळवलेले दुसरे पदक यायला १९९६ साल उजाडावे लागले. अटलांटाला टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी ते आणले. कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ साली सुशीलकुमार यांनी बीजिंगला मिळवले, म्हणजे मध्ये छप्पन वर्षे गेली. हेलसिंकीला खाशाबांच्या बरोबर कोल्हापूरचे केशव माणगावेही गेले होते. ते आपल्या गटात चौथे आले. पदक हुकले म्हणून त्यांचे नाव मागे पडले, पण त्यांची आठवण इथे करायलाच हवी.

खाशाबा परत आले तेव्हा कराडला माणसांचा पूर लोटला. शंभराहून जास्त बैलगाड्या सजवून त्यांची मिरवणूक निघाली. स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंतचा एरवी पाव तासाचा रस्ता, त्या दिवशी तो सरता सरेना. ज्यांनी वर्गणी दिली होती, त्यांना आपला पैसा कारणी लागल्याचे डोळ्यांनी दिसले.

पण आम्हाला मोठी वाटते ती त्याच्या पुढची गोष्ट. हारतुरे उतरल्यावर खाशाबांच्या मनात एकच विषय होता, तो म्हणजे प्राचार्यांचे गहाण पडलेले घर. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः त्यात लढले, जिंकले, आणि त्या पैशातून गुरूंचे घर सोडवून दिले. पदकाच्या जोरावर कुणाकडे हात पसरता आला असता. त्यांनी घामाने कर्ज फेडले. खाशाबा किती मोठे होते हे मोजायचे असेल तर ते या व्यवहारावरून मोजावे.

खाकी वर्दी

ऑलिंपिकचे पदक घरात आले म्हणून चूल पेटत नाही. आज पदक आले की कोटी कोटींची बक्षिसे जाहीर होतात, नोकरी दारात चालून येते. तेव्हा तसले काही नव्हते. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. आपल्या लोकांच्या भाषेत फौजदार.

फौजदाराची नोकरी कशी असते ते ज्यांच्या घरात पोलीस आहे त्यांना माहीत आहे. सण सगळ्यांचा, बंदोबस्त पोलिसांचा. रात्रीची गस्त, ठाण्यातले जाबजबाब, मोर्चे, जत्रा, कुठे भांडण, कुठे अपघात. जेवायची वेळ ठरलेली नाही, झोपेची नाही. पैलवानाच्या अंगाला तर खुराक आणि विश्रांती वेळच्या वेळी लागते. तरीही खाशाबांनी मेहनत सोडली नाही. खात्याच्या स्पर्धांत त्यांनी एकामागून एक कुस्त्या मारल्या. पुढे पोलिसांतल्या तरुण खेळाडूंना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. आपल्याला गादी ठाऊक नव्हती म्हणून लंडनला काय झाले, हे ज्याने भोगले होते, त्याच्याइतका चांगला वस्ताद दुसरा कोण मिळणार?

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकवर त्यांची नजर होती. पण सरावात गुडघा दुखावला आणि ते दार बंद झाले. पैलवानाचा गुडघा गेला की त्याचा अर्धा जीव गेला असे तालमीत म्हणतात. तिशी गाठलेल्या माणसाला पुन्हा संधी मिळणार नव्हती. त्यांनी ते पचवले आणि वर्दीचे काम करीत राहिले.

सत्तावीस वर्षे ते खात्यात होते. इथे एक गोष्ट मनाला लागते. ज्या माणसाने देशाला पहिले वैयक्तिक पदक दिले, त्याला वर्षानुवर्षे बढती मिळाली नाही. सहायक पोलीस आयुक्त हे पद मिळाले ते नोकरी संपत आली तेव्हा. तेवढ्यावर थांबले नाही. निवृत्तीनंतर हक्काच्या पेन्शनसाठीही त्यांना झगडावे लागले. कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, अर्जावर अर्ज करावे लागले. क्रीडा संघटनांनीही त्यांची विचारपूस केली नाही. उतारवयात पैशाची ओढाताण झाली.

आम्ही इथे कुणा एकाला दोष देत नाही. कागदाला माणूस दिसत नाही, सेवापुस्तकात ऑलिंपिक पदकाचा रकाना नसतो. पण कागद चालवणारी माणसेच असतात ना? एकाने जरी उठून विचारले असते की हा अर्ज कुणाचा आहे, तरी गोष्ट वेगळी झाली असती. हेलसिंकीला गादीच्या कडेला त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नव्हते. कचेरीतही नव्हते.

एवढे होऊनही खाशाबांनी खात्याशी वैर धरले नाही की वर्दीचा गैरवापर केला नाही. पैलवानाचे अंग, फौजदाराचा हुद्दा, घरात ऑलिंपिकचे पदक. मनात आणले असते तर चार ठिकाणी वजन वापरून पैसा करता आला असता. ते हलाखीत राहिले, यावरूनच काय ते ओळखावे. गोळेश्वरच्या घराला त्यांनी ‘ऑलिंपिक निवास’ नाव दिले. तेवढीच त्यांची श्रीमंती.

१९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ भरले, तेव्हा मशाल दौडीत त्यांना सामील करून घेतले गेले. हयातीत वाट्याला आलेल्या मोजक्या मानांपैकी हा एक. दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. दुसऱ्या दिवशी देशभर झेंडे फडकले. हेलसिंकीत ज्याने देशाचा झेंडा वर नेला, तो माणूस आदल्या दिवशी गेला होता.

मागाहूनचे मान

त्यांच्या पश्चात घरच्यांचेही हाल झाले, मदतीसाठी त्यांच्या पत्नीलाही वणवण करावी लागली. मान आले ते नंतर. १९९२-९३ चा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर दिला गेला. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, म्हणजे निधनानंतर सोळा वर्षांनी आणि पदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल खेळांसाठी बांधलेल्या कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले. पद्म पुरस्काराची मागणी मात्र त्यांचे चाहते आणि घरचे लोक किती वर्षांपासून करीत आहेत.

गोळेश्वरला कुस्ती संकुल होणार अशी घोषणा झाली आणि काम रखडले. शेवटी २०१७ साली त्यांच्या मुलाने पदकाचा लिलाव करून त्या पैशातून संकुल उभारण्याचा विचार बोलून दाखवला. ती बातमी वाचून कित्येकांना वाईट वाटले. एकदा घर गहाण टाकून मिळवलेले पदक, तेच विकायची वेळ यावी! अलीकडे राज्य शासनाने १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला, ही समाधानाची गोष्ट. शाळाशाळांतून आता त्या दिवशी त्यांचे नाव घेतले जाते.

आपण काय घ्यावे

या चरित्रातून शिकायचे काय, असे विचाराल तर आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, मदत वेळेवर हवी. गावाने वर्गणी दिली ती माणूस जिंकण्याच्या आधी दिली. प्राचार्यांनी घर गहाण टाकले ते निकाल लागण्याच्या आधी. जिंकल्यावर हार घालायला सगळेच येतात. आपल्या गावात आज एखादी मुलगी पळते, एखादा पोरगा कुस्ती करतो, त्याला दुधाला आणि बुटांना पैसे नाहीत; तिथे आपला रुपया आज पडला पाहिजे.

दुसरी, ऋण फेडावे. खाशाबांनी गुरूंचे घर सोडवले ते आधी, स्वतःचे बस्तान बसवले ते नंतर. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींनी तर हे पाठच करून ठेवावे. आपली दिंडी शंभर वर्षे चालली तीही लोकांच्या पसाभर धान्यावर आणि रुपयादोन रुपयांच्या वर्गणीवर. त्यातला दाणा न दाणा कुणीतरी विश्वासाने दिलेला आहे.

तिसरी गोष्ट वर्दीची. वारीच्या वाटेवर दरवर्षी पोलीस बंदोबस्ताला उभे असतात. ऊन असो, पाऊस असो, आपण पुढे निघून जातो, ते तिथेच उभे. त्यांच्यात कुणी शेतकऱ्याचा पोरगा असतो, कुणी जुना पैलवान असतो, कुणाच्या घरी पेटीत एखादे पदक असते. आपल्याला ते दिसत नाही. त्यांना पाण्याचा तांब्या द्यावा, दोन शब्द बोलावेत. आणि त्यांच्यातला कुणी म्हातारपणी पेन्शनच्या कागदासाठी आपल्या टेबलासमोर उभा राहिला, तर त्याला उद्या या म्हणून सांगू नये. कचेरीत काम करणारे पुष्कळ वारकरी आहेत, त्यांना ही आमची विनंती आहे.

गोळेश्वर काही लांब नाही. कराडला गेलात तर वाट थोडी वाकडी करा, ‘ऑलिंपिक निवास’ बाहेरून का होईना बघून या, आणि बरोबर घरातली लहान मुले न्या.